बाटली क्रमांक ५३-एन

पावसाळ्याचे दिवस होते. नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाखेत मी तेव्हा शेतीकर्जाचे काम पाहत होतो. दुपारी एक खातेदार धावतच बँकेत आला. कापसात खुरपताना त्याच्या सुनेला पान लागले होते. जीप आमच्याकडेच होती, म्हणून आम्ही तिला घेऊन आरोग्य केंद्रात गेलो. त्या म्हाताऱ्याने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, हाफकिन आहे का? डॉक्टरांनी मान हलवली, कंपाउंडरने कपाटातून खोके काढले. सून वाचली. परतताना मी म्हाताऱ्याला विचारले की हाफकिन म्हणजे काय. सापाच्या औषधाचे नाव, असे त्याने सांगितले. मी पदवीधर, बँकेतला साहेब; पण माझे ज्ञान त्याच्यापेक्षा फार पुढचे नव्हते. मला ते एखाद्या कंपनीचे नाव वाटत होते.

हाफकिन हा हाडामांसाचा माणूस होता, हे मला कळले १९९४ साली, लातूरला असताना. आदल्या वर्षीच्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. त्यातून लोक पुरते सावरलेही नव्हते, तोच ऑगस्टात शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाल्याच्या बातम्या आल्या. भूकंपानंतर माणसांनी सोडलेली घरे, त्यांत राहिलेले धान्य आणि त्यावर पोसलेले उंदीर असा त्याचा संबंध तेव्हा लावला गेला. पुढे सुरतेत हाहाकार झाला. लातुरात लोक तोंडाला रुमाल बांधून हिंडू लागले, औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दिसेनाशा झाल्या. मला मात्र आमच्या आजीची आठवण येत होती. कंधार तालुक्यातल्या आमच्या गावात, तिच्या लहानपणी, घरात उंदीर पडला की माणसे भांडीकुंडी घेऊन माळावर खोपटी घालून राहत. एकदा टोचणीवाला आला, तेव्हा तिच्या आईने तिला घेऊन कडब्याच्या गंजीत दडी मारली होती. तो गेल्यावरच दोघी बाहेर आल्या. शेजारच्या पोराने टोचून घेतले आणि तो तीन दिवस तापाने फणफणला. सुईनेच रोग येतो, याला गावाला आणखी पुरावा नको होता. आजी हे सांगताना आईच्या हुशारीचे कौतुक करायची.

ती सुई कुणाची होती, हे शोधताना मी हाफकिन यांच्यापर्यंत पोचलो.

वाल्डेमार मोर्देकाई हाफकिन यांचा जन्म १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. घराणे ज्यू. झारच्या रशियात ज्यू असणे हाच अर्धा गुन्हा होता. विद्यापीठात ते झारविरोधी क्रांतिकारकांत मिसळले, ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा संरक्षण दलात उभे राहिले, जखमी झाले, अटकेतही गेले. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे मेच्निकोव्ह हे त्यांचे गुरू. त्यांच्या शब्दामुळे सुटका झाली. प्राध्यापकपद हवे असेल तर ख्रिस्ती व्हा, असे त्यांना सुचवले गेले. त्यांनी नकार दिला आणि प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात किरकोळ नोकरी केली. १८८८ मध्ये देश सोडला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेच्निकोव्ह आधीच गेले होते. तिथे या पदवीधर संशोधकाला मिळालेली जागा होती सहायक ग्रंथपालाची. पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे.

त्या उरलेल्या वेळात त्यांनी पटकीची लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, उतरला. मोठ्या शास्त्रज्ञांनी फारसा विश्वास ठेवला नाही. पॅरिसमध्ये तेव्हा ब्रिटिशांचे राजदूत होते लॉर्ड डफरिन. ते पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते, त्यामुळे पटकी काय असते हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी हाफकिन यांना हिंदुस्थानात जाण्याचा सल्ला दिला. १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरले, तेव्हा वय होते तेहतीस.

आपल्याकडे पटकी आली की मरीआईचा गाडा गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडत. पुढच्या गावाने तो त्याच्या पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलायचा. त्या देशात हा परका माणूस सुई घेऊन दाराशी उभा राहिला. तो सरकारी डॉक्टर नव्हता. डॉक्टरच नव्हता, प्राणिशास्त्राचा पदवीधर होता. गोऱ्या वैद्यक अधिकाऱ्यांना तो उपरा वाटला आणि लोकांना सरकारचा माणूस. कलकत्त्याच्या कट्टलबागान वस्तीत १८९४ साली चौधरी, घोष, चॅटर्जी आणि दत्त या चार हिंदी डॉक्टरांना बरोबर घेऊन त्यांनी काम सुरू केले आणि तिथूनच लोक वळू लागले. वस्तीत सुमारे दोनशे माणसे होती. त्यांतल्या ११६ जणांनी टोचून घेतले. नंतर तिथे पटकीचे आणखी दहा रुग्ण निघाले, त्यांतले सात दगावले. दहाही जण न टोचून घेतलेल्यांपैकी होते.

मला हा माणूस आवडू लागला तो इथे. ते खतावणी लिहीत होते. टोचलेले किती, न टोचलेले किती, आजारी किती, मेलेले किती. वस्ती तीच, पाणी तेच, घरे तीच. एका बाजूला एक स्तंभ, दुसऱ्या बाजूला दुसरा. जमा आणि नावे दोन्ही बाजू एकाच पानावर मांडल्याशिवाय हिशोब खरा मानायचा नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते. सव्वादोन वर्षांत सुमारे ४२ हजार माणसांना टोचले, आग्र्यापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत. मग हिवतापाने अंथरुणाला खिळले आणि १८९५ मध्ये त्यांना परत जावे लागले. तब्येत पुरती सुधारलेली नसतानाच ते पुन्हा आले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. शहरातून माणसांचे लोंढे बाहेर पडले आणि साथही त्यांच्याबरोबर निघाली. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस केली. मांसाच्या सत्त्वात प्लेगचे जंतू वाढवायचे, वर साजूक तुपाचे थेंब तरंगत सोडायचे. त्या तुपाखाली जंतूंच्या वाढीचे झुंबरासारखे दोरे लोंबू लागत. मग तापवून ते मारायचे. ज्या तुपावर आपण पुरणपोळी खातो, त्यानेच प्लेगच्या लशीला हात दिला, हे वाचून आमच्या घरच्या मंडळींना मोठी गंमत वाटली होती.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली, आणि तीही पुढे लोकांना देत त्याच्या तिप्पट-चौपट. ताप भरला, ठणका लागला. तो उतरल्यावर भायखळ्याच्या तुरुंगात, जिथे प्लेग शिरलेलाच होता, तयार झालेल्या कैद्यांना टोचले. काहींनी घेतले, काहींनी नाही. अन्न तेच, कोठड्या त्याच. न घेतलेल्यांत मृत्यू झाले, घेतलेले वाचले.

याच दिवसांत पुण्यात काय चालले होते ते आपण शाळेत शिकलो आहोत. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा आला, जो आपल्यावर २०२० साली पुन्हा लागू झाला. १० मार्चला सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता प्लेगनेच गेल्या. घराघरांत गोरे सोजीर घुसले. २२ जूनला रँडचा खून झाला. या इतिहासात हाफकिन यांचे नाव सहसा येत नाही. घरे उघडी करणे, माणसे उचलून छावणीत नेणे, सामान जाळणे ही एक रीत होती. दाराशी उभे राहून माणसाच्या राजीखुशीने टोचणे ही दुसरी. हाफकिन दुसऱ्या रीतीचे होते. पण लोकांना दोन्ही रीती एकाच सरकारच्या दिसत होत्या आणि त्यात लोकांची चूक होती असे मला वाटत नाही. तरुण आगाखानांनी स्वतः चारचौघांत टोचून घेतले आणि प्रयोगशाळेला आपला बंगला दिला, तेव्हा हजारो लोक पुढे आले.

बडोद्याजवळच्या उंढेरा गावचा हिशोब तर मी वहीत उतरवून ठेवला आहे. १८९८ सालची गोष्ट. प्रत्येक घरातली निम्मी माणसे टोचायची आणि निम्मी सोडायची, असे ठरले. टोचलेले ७१, त्यांतले आठ आजारी पडले, तीन गेले. न टोचलेले ६४. त्यांतले सत्तावीस आजारी पडले, सव्वीस गेले. एकाच चुलीवरचे जेवणारी माणसे ही. आज हा प्रयोग असा करायला कुणी परवानगी देणार नाही आणि ते योग्यच आहे. पण त्या दोन ओळींपुढे वाद घालायला जागा राहिली नाही.

आता शास्त्रज्ञाचे मोठेपण मोजण्याची एक रीत पडली आहे. किती निबंध छापले आणि दुसऱ्या किती जणांनी आपल्या निबंधांत त्यांचा उल्लेख केला, याची बेरीज करतात. करोनाच्या वर्षांत विषाणूशास्त्र आणि साथरोगशास्त्र हे शब्द घराघरांत पोचले, तेव्हा अमुक शास्त्रज्ञाचे इतके निबंध आणि त्यांना इतके उल्लेख, असे आकडे आपणही ऐकले. मी आकड्यांत आयुष्य काढलेला माणूस आहे, मला त्या रीतीचा तिटकारा नाही. पण हाफकिन यांना ती लावून पाहिली की तराजूच अपुरा पडतो. त्यांनी लिहिले, नाही असे नाही. १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचे व्याख्यानही झाले. पण त्यांचे खरे उत्पादन बाटल्यांत भरून जात होते. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीचे दोन कोटी साठ लाख डोस बाहेर पडले, असा हिशोब सांगितला जातो. पटकीची टोचणी करून घेतलेल्या मजुराने कोणत्या निबंधात त्यांचा उल्लेख करायचा होता?

१८९९ च्या ऑगस्टात परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. जिथे गव्हर्नरसाहेबांच्या मेजवान्या होत, तिथे बाटल्यांच्या रांगा लागल्या. हाफकिन तिचे प्रमुख झाले. आता सगळे सुरळीत होणार असे वाटत असतानाच मलकोवाल आले.

मलकोवाल हे पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यातले गाव, आज पाकिस्तानात आहे. १९०२ साली पंजाब सरकारने लाखो लोकांना टोचण्याचे ठरवले. मागणी इतकी की परळला रात्रंदिवस काम. लस लवकर आणि जास्त व्हावी म्हणून हाफकिन यांनी तिच्यात घालायचे कार्बोलिक आम्ल वगळले आणि नुसत्या उष्णतेवर भिस्त ठेवली. पाश्चर संस्थेत ही रीत आधीपासून चालू होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकोवालला १०७ जणांना टोचले. आठवडाभराने त्यांतल्या काहींचे जबडे आवळू लागले. धनुर्वात. एकोणीस माणसे गेली. एकोणिसांनाही एकाच बाटलीतून टोचले होते. तिच्यावर क्रमांक होता ५३-एन. त्याच दिवशी उघडलेल्या बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काही झाले नाही.

ही एकोणीस माणसे प्लेगपासून वाचायला म्हणून रांगेत उभी राहिली होती. त्यांच्या घरच्यांनी पुढे सुईचे नाव काढले असेल असे वाटत नाही. आमच्या पणजीला मी मूर्ख म्हणत नाही, ते या मलकोवालमुळे.

चौकशी समिती बसली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स अध्यक्ष. बाटली परळलाच दूषित झाली, असा त्यांनी निष्कर्ष काढला. कार्बोलिक आम्ल वगळले हा मुख्य ठपका. हाफकिन यांना पदावरून दूर केले आणि ते इंग्लंडला गेले.

कागद नीट वाचले तर दुसरीच गोष्ट दिसते. बाटली परळला भरली होती १९ सप्टेंबरला, म्हणजे टोचण्याच्या एकेचाळीस दिवस आधी. धनुर्वाताचे जंतू तेव्हाच आत शिरले असते, तर इतक्या दिवसांत बाटलीभर विष झाले असते. माणसे आठवड्याने नव्हे, कितीतरी लवकर आजारी पडली असती, आणि बाटली उघडताच दुर्गंधी आली असती. तशी आल्याची नोंद नाही. उलट, बूच काढायच्या चिमट्याची हकीगत समितीपुढे आली होती. तो कंपाउंडरच्या हातून जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता, नुसता औषधाच्या पाण्यात बुडवून त्याने ५३-एनचे बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज दहावीच्या मुलाला ठाऊक असते.

मी बँकेत पस्तीस वर्षे काढली. खातेनिहाय चौकशा पाहिल्या, एकदोनदा चौकशी अधिकाऱ्याच्या शेजारी बसलोही. रोकड कमी भरली की खापर कुणाच्या तरी नावावर फोडावेच लागते, आणि ते नाव बहुधा आधीच मनात ठरलेले असते. एका शाखेतला आमचा एक रोखपाल सहा वर्षे घरी बसला. शेवटी तो निर्दोष ठरला, पुन्हा कामावर घेतला गेला, पण रोकडीच्या पिंजऱ्यात त्याला कुणी बसू दिले नाही. जुन्या दस्तऐवजांच्या खोलीत निवृत्तीपर्यंत ठेवला. हाफकिन यांची फाइल वाचताना मला राहून राहून त्याचा चेहरा दिसत होता.

चार-पाच वर्षे हाफकिन लंडन-पॅरिसमध्ये स्वतःची बाजू मांडत राहिले. त्यांच्या मदतीला उभा राहिला तो रोनाल्ड रॉस. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू याच रॉसने १८९७ मध्ये शोधले, आणि तेही आपल्या निजामाच्या राज्यात, सिकंदराबादेला. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता, म्हणून मला त्याच्याविषयी उगीचच घरचा माणूस असल्यासारखे वाटते. नोबेल मिळालेल्या माणसाचा शब्द सरकारलाही टाळता येईना. रॉसने लंडनच्या टाइम्समध्ये पत्रांमागून पत्रे लिहिली. २९ जुलै १९०७ च्या पत्रावर दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. लशीवरचा विश्वास असाच उडू दिला तर मृत्यूंची जबाबदारी कुणाची, असा त्या लिखाणाचा रोख होता. त्या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा पंजाबचा होता, जिथे मलकोवालनंतर मोहीम मोडली होती. नोव्हेंबरात हाफकिन दोषमुक्त झाले.

ते पुन्हा कामावर आले, पण परळला नाही. ती जागा भरली गेली होती. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमणूक मिळाली आणि तिथे माणसांवर लशीचे नवे प्रयोग करण्यास मनाई होती. सत्तेचाळीस वर्षांचा, हातात अजून काम असलेला माणूस. त्याने काय करायचे? जुने आकडे तपासत बसायचे. १९१३ मध्ये पटकीच्या टोचणीवर त्यांचे पुस्तक निघाले. पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. लग्न केले नव्हते. उत्तरायुष्यात ते फार धर्मनिष्ठ झाले. ज्या धर्मासाठी तरुणपणी प्राध्यापकी सोडली, त्याच्या शाळांना त्यांनी सगळी मिळकत देऊन टाकली.

१९२५ साली मुंबई सरकारने परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले. कळवल्यावर हाफकिन यांनी कृतज्ञतेने उत्तर पाठवले आणि आयुष्यातली उमेदीची वर्षे मुंबईच्या कामात गेली, असे त्यात लिहिले. त्यात मलकोवालविषयी तक्रार नव्हती. पाच वर्षांनी, २६ ऑक्टोबर १९३० रोजी, स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ते वारले. संस्थेने पुढे सर्पदंशावरचे औषध केले, मुलांचे पोलिओचे डोस केले आणि त्या खोक्यांवरून नाव खेडोपाडी गेले.

१९६४ मध्ये टपाल खात्याने हाफकिन यांचे तिकीट काढले. माझा काका तेव्हा हैदराबादला नोकरीला होता, त्याची पत्रे कंधारला येत आणि पाकिटे आजी जपून ठेवी. तिकिटांवरची चित्रे तिला आवडत. तिला वाचता येत नव्हते.